चूक कोणी सिद्ध करायची?

हिशेब चुकला की आपण आधी स्वतःलाच दोष देतो. १९९४ साली अमेरिकेतील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनीही आधी आपलेच काम तपासले. दोष निघाला इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमध्ये! चिपमधल्या भागाकाराच्या तक्त्यात पाच नोंदी गळल्या होत्या. सामान्य ग्राहकाला अशी चूक २७ हजार वर्षांतून एकदा भेटेल, असे सांगत कंपनीने गरज पटवून देणाऱ्यालाच चिप बदलून देऊ केली. ओरड वाढल्यावर २० डिसेंबरला मागेल त्याला नवी चिप जाहीर झाली, भुर्दंड ४७.५ कोटी डॉलरचा.

मला दोष खटकत नाही; इतक्या गुंतागुंतीच्या वस्तूत चूक राहणारच. खटकते ती अट. काटा खोटा निघाला, तर दुकानदाराने तो बदलायचा असतो. नुकसानीचा पुरावा गिऱ्हाइकाकडे मागायचा नसतो.