सदका, त्सदाका आणि आपले ससून

चाकणला प्रेसवर बोटे सापडलेला कामगार असो, नाहीतर मोशीच्या भाड्याच्या खोलीतली दिवस भरलेली बाई असो. खर्च आवाक्याबाहेर गेला की घरातले कुणीतरी म्हणतेच, 'ससूनला नेऊ.' हा शब्द आपल्या तोंडात इतका रुळला आहे की ते कुणाचे तरी आडनाव आहे, हे आठवतही नाही. वर्गात मुलांना विचारले तर 'ससून म्हणजे सरकारी' असे उत्तर येते. हिब्रू भाषेत या शब्दाचा अर्थ आनंद. पुणे स्टेशनाजवळच्या त्या दवाखान्याला नाव मिळाले ते बगदादहून आलेल्या एका ज्यू व्यापाऱ्याचे.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२चा, बगदादचा. तिथला सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचाला कंटाळून ते इराणच्या बुशहर बंदरात गेले आणि १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंबासह मुंबईत आले. घरची भाषा अरबी, लिहिण्याची लिपी हिब्रू. मुंबईत त्यांनी अफाट पैसा कमावला आणि देणग्याही तशाच दिल्या. १८६४ साली त्यांचा मृत्यू झाला तो पुण्यात. कॅम्पातल्या ज्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगला सगळे पुणे 'लाल देऊळ' म्हणते, त्याच्या आवारात त्यांची कबर आहे. हे प्रार्थनास्थळ आणि ससून रुग्णालय दोन्ही पूर्ण झाली ती १८६७ साली. एक त्यांच्या धर्मबांधवांसाठी, दुसरे कुणासाठीही. नवी पेठेत आज 'निवारा' म्हणून ओळखला जाणारा वृद्धाश्रमही त्यांच्याच नावाचा, डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह. आता तिथे कुठल्या घरची म्हातारी माणसे राहतात ते पाहा. ज्यू बहुधा एकही सापडणार नाही.

रमजानच्या पानावर ज्यू माणसाची गोष्ट कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. आमच्या घरांत आज 'यहुदी' म्हटले की पुढचा शब्द गाझा असतो, आणि इफ्तारच्या दुआत तिथल्या मुलांचे नाव येते. ते दुःख खरे आहे आणि मला ते झाकायचे नाही. पण राजकारणाने एका अख्ख्या धर्मपरंपरेकडे पाहण्याची खिडकी बंद करावी, हे मला पटत नाही. शिवाय हा महिना हिशेबाचा. साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी बचत वर्षभर ज्याच्याजवळ राहिली, त्याने शेकडा अडीच रुपये जकात काढायची. ती कुणाला, कशी द्यायची, याची चर्चा आपल्याकडे दर रमजानला होते. याच प्रश्नावर दुसऱ्या एका समाजाने दोन हजार वर्षे डोके चालवले असेल, तर त्याचे ऐकायला काय हरकत?

सुरुवात शब्दापासून. आपला सदका आणि हिब्रूतला त्सदाका ही सख्खी भावंडे. अरबीत त्याच धातूपासून सिद्क म्हणजे खरेपणा आला. सादिक, सदाकत, सिद्दीक ही आपल्या ओळखीची नावे त्यातलीच. हिब्रूत त्सेदेक म्हणजे न्याय. म्हणजे ज्याला मराठीत आपण 'दान' म्हणतो आणि ज्यात देणारा वर, घेणारा खाली अशी पायरी आपोआप येते, त्याला या दोन्ही भाषांनी खरेपणाशी आणि न्यायाशी जोडले. गरिबाचे देणे लागतो म्हणून द्यायचे. उपकार म्हणून नाही. कुरआननेही श्रीमंतांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क सांगितला आहे.

साम्य इतक्यावर थांबत नाही. ईदच्या नमाजाआधी आपण माणशी साधारण दोन किलो गव्हाच्या किमतीचा फित्रा काढतो, कारण सणाच्या दिवशी कुणाची चूल थंडी राहू नये. ज्यू घरांत पासोव्हरच्या सणाआधी गरिबांसाठी अशीच रक्कम काढण्याची जुनी चाल आहे. तिचे नाव 'माओत हित्तिम', म्हणजे गव्हाचे पैसे. उत्पन्नाचा दहावा भाग बाजूला काढण्याचीही त्यांची रीत आहे. आपल्या अडीच टक्क्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, कारण जकात बचतीवर आहे, उत्पन्नावर नाही. माझे काही विद्यार्थी ही तुलना करून हिरमुसले होते, म्हणून सांगितले.

मला सगळ्यात जवळची वाटते ती एका खोलीची हकिकत. यरुशलेमच्या प्राचीन मंदिरात एक गुप्त खोली होती, असे ज्यूंच्या मिश्ना या ग्रंथात नोंदले आहे. पापभीरू माणसे त्या खोलीत जाऊन गुपचूप पैसे ठेवत आणि चांगल्या घरातली, पण परिस्थितीने खाली आलेली माणसे तितक्याच गुपचूप त्यातून आपली गरज भागवत. कोण ठेवायला गेला आणि कोण घ्यायला, हे बाहेरच्याला कळत नसे. 'चांगल्या घरातली गरीब माणसे' यासाठी उर्दूत नेमका शब्द आहे, सफेदपोश. कपडे धुतलेले, इस्त्रीचे. घरात डाळीचा डबा रिकामा. मराठीत आपण झाकली मूठ म्हणतो ती हीच. हा माणूस मशिदीच्या पायरीवर बसत नाही, रांगेत उभा राहत नाही, आणि म्हणून आपल्या कुठल्याच यादीत येत नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात सफेदपोशांची संख्या कारखान्यांबरोबर वाढली. खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, महाळुंगे इथल्या चाळींत बिहार-उत्तर प्रदेशातून आणि आपल्या मराठवाडा-विदर्भातून आलेली पोरे एका खोलीत चार-पाच जण राहतात. अंगावर कंपनीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र. गावाकडच्यांना वाटते पोरगा मोठ्या कंपनीत लागला. प्रत्यक्षात तो ठेकेदाराकडे असतो. काही महिने झाले की 'ब्रेक' मिळतो, म्हणजे काम थांबते आणि पगारही. खोलीचे भाडे थांबत नाही. किराणावाल्याच्या वहीत उधारी चढत जाते. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यांत कर्जात बुडालेला आहे आणि वाटेत अडकलेला मुसाफिरही आहे. हे दोघे एकाच माणसात पाहायचे असतील तर चाकणला यावे.

आणि आपण काय करतो? रमजान लागला की किट वाटतो. तेल, तांदूळ, बेसन, खजूर, शेवया. किट वाईट नाही. ज्याच्या घरी पोचते त्याची सहरी होते. वाईट आहे तो फोटो. मागे फलक, त्यावर नेत्याचा आणि संस्थेचा चेहरा, पुढे बाई पिशवी धरून उभी, नजर खाली. संध्याकाळपर्यंत तो फोटो तिच्या मुलाच्या वर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर. माझ्या ओळखीच्या एका घराने असे किट घेणे बंद केले, कारण मुलगी आता आठवीत गेली आहे. दान दिल्यावर उपकार बोलून दाखवू नका, दुखवू नका, नाहीतर ते वाया जाते, असे कुरआन सांगते. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, असे हदीस सांगते. हे सगळे आम्ही जुम्याच्या बयानात ऐकतो आणि बाहेर येऊन सेल्फी काढतो. फलक लावणारे सगळ्या धर्मांत आहेत, गणपतीत आणि दिवाळीतही हेच चालते. पण रमजानच्या पानावर मी आधी आमच्या घरचे बोलणार.

बाराव्या शतकात मुसा इब्न मैमून नावाचे एक ज्यू विद्वान होऊन गेले. युरोपात त्यांना मैमोनिडीस म्हणतात. जन्म अंदलूसच्या कुर्तुबा शहरातला, आयुष्याची अखेर कैरोत, आणि पेशाने हकीम. सुलतान सलाहुद्दीन यांच्या दरबारात त्यांची वैद्यकी चालत असे. आपले बरेच लेखन त्यांनी अरबीत केले. धर्मनियमांचा त्यांचा मोठा ग्रंथ मात्र हिब्रूत आहे आणि त्यात दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सगळ्यात खाली तो, जो कुरकुरत देतो. मग हसून पण कमी देणारा, मागितल्यावर देणारा, न मागता देणारा. त्याच्या वर घेणाऱ्याला देणारा माहीत, पण देणाऱ्याला घेणारा माहीत नाही. इथे त्यांनी जुन्या पंडितांचा दाखला दिला आहे : ते कापडाच्या टोकाला नाणी बांधून ते पाठीवर टाकत आणि चालत राहत, मागून येणारा गरीब सोडून घेई, कुणाला तोंड दाखवावे लागत नसे. त्याच्या वरच्या पायरीवर घेणाऱ्याला देणारा माहीत नाही. त्याहून वर दोघेही एकमेकांना अनोळखी. आणि सगळ्यात वर? तिथे नुसते दान नाही. तिथे कर्ज देणे, धंद्यात भागीदार करून घेणे किंवा काम मिळवून देणे आहे, म्हणजे माणसाला पुन्हा हात पसरावा लागू नये.

या सर्वांत वरच्या पायरीचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' म्हटले गेलेले मराठी ज्यू. त्यांच्यातल्या जेरुशा झिराड या मुलीला डॉक्टर व्हायचे होते, विलायतेला जायला पैसा नव्हता. टाटांच्या निधीतून तिला शिष्यवृत्ती मिळाली ती कर्जाच्या रूपात, फेडायच्या बोलीवर. पारशाचा पैसा, ज्यू मुलगी. पुढे त्याच डॉ. झिराड पारशी दात्याच्याच नावाच्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, सर्व जातिधर्मांच्या बायकांची बाळंतपणे त्यांच्या देखरेखीखाली झाली, आणि १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. व्याज न घेता असे कर्ज देण्याला आपण कर्जे-हसना म्हणतो. नाव सगळ्यांना पाठ आहे. देणारे बोटावर मोजण्याइतके. हातगाडी, शिलाई मशीन, सीएनसीचा कोर्स, एवढ्याशा रकमेत एक घर उभे राहते.

प्रश्न उरतो आपला कोण आणि परका कोण. १६५४ साली तेवीस ज्यू निर्वासित आजच्या न्यूयॉर्कला, तेव्हाच्या डच वसाहतीत उतरले. गव्हर्नरला ते नको होते. डच कंपनीने राहू दिले, पण अट अशी की यांच्या गरिबांचा बोजा आमच्यावर नको, त्यांनी आपले आपण पाहावे. अमेरिकेतल्या ज्यूंच्या मदत संस्थांची कहाणी या अटीपासून सांगितली जाते. १८५० साली सोन्याच्या शोधात सॅन फ्रान्सिस्कोला आलेल्यांनी युरेका बेनेव्होलंट सोसायटी काढली. तिचीच परंपरा तिथली आजची ज्यू कुटुंब सेवा संस्था चालवते. अशा संस्था आज अमेरिकेच्या बहुतेक मोठ्या शहरांत आहेत : म्हाताऱ्यांची देखभाल, धान्याची कोठी, खचलेल्यांचे समुपदेशन, बेकारांना काम. सुरुवात 'आपल्यांसाठी' होती, पण दारात येणाऱ्याला त्या आता धर्म विचारत नाहीत. निर्वासितांना मदत करणाऱ्या हायस या जुन्या ज्यू संस्थेने अलीकडच्या वर्षांत सीरियाच्या आणि अफगाणिस्तानच्या मुसलमान कुटुंबांनाही वसवले.

लांब कशाला, भायखळ्याला ससून कुटुंबाच्या नावाची शाळा आहे आणि तिच्यात आज बहुतांश मुले मुसलमान आहेत. कोलकात्याच्या ज्यू गर्ल्स स्कूलचेही तेच. ज्यू मोठ्या संख्येने इस्रायलला आणि इतरत्र निघून गेले, बाकं रिकामी झाली. शाळांना कुलूप न लावता ती दुसऱ्यांच्या मुलांनी भरू दिली गेली.

आमच्याकडे बहुतेक उलेमांचे मत असे की जकात मुसलमान गरजूसाठी, सदका मात्र कुणालाही देता येतो. मग सदक्याची पेटी तरी उघडी असू द्या. चाळीतल्या त्या खोलीत पाचांपैकी दोघे रोजा ठेवणारे असतील आणि तिघे नसतील. ब्रेक पाचही जणांना मिळतो.

ससूनच्या पैशाबद्दलही बोलायला हवे. तो कापसातून आला तसाच चीनला जाणाऱ्या अफूतूनही आला. किती घरे त्या अफूने बुडाली आणि किती माणसे इथल्या दवाखान्याने वाचवली, याचा ताळा मला मांडता येत नाही. कमाई हलाल असल्याशिवाय सदका कबूल होत नाही, असे आम्ही मानतो, आणि ज्यू धर्मशास्त्रही चोरीच्या मालातून पुण्य घडत नाही असेच मानते. तेव्हा दात्याचा पुतळा करताना हे विसरू नये. आपल्या पट्ट्यातही कामगाराची ओव्हरटाइमची रजई ओढून त्यातलाच धागा ईदला वाटणारे ठेकेदार आहेत. त्यांनी आधी हजेरीपुस्तक बघावे, किट नंतर.

या रमजानला करता येण्यासारखी एक गोष्ट तुर्कस्तानात पूर्वी होत असे आणि आता पुन्हा सुरू झाली आहे. उधारीच्या वहीला तिथे झिमेम दफ्तर म्हणत. रमजानमध्ये सधन माणूस आपली ओळख नसलेल्या मोहल्ल्यात जाई, किराणावाल्याला वही काढायला सांगे आणि म्हणे, सुरुवातीची काही पाने, शेवटची काही आणि मधली कुठलीही काही, यांची बेरीज करा. पैसे चुकते करून, नाव न सांगता तो निघून जाई. उधारी कुणाची फिटली हे त्याला कळत नसे आणि कुणी फेडली हे घेणाऱ्याला.

काळेवाडीत, मोशीत, नाणेकरवाडीत प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात अशी वही आहे, गल्ल्याशेजारी, पुठ्ठ्याच्या लाल कव्हरची. तिच्यात शेख आहेत, कांबळे आहेत, यादव आहेत, जाधव आहेत. दुकानदार दुपारी मोकळा असतो.