शाल-श्रीफळाच्या पुढचा सन्मान



परीक्षा जवळ आली की वेळापत्रकातला कोणता तास आधी जातो? चित्रकलेचा! "कला काय, घरीपण करता येईल," असं आपण सहज बोलून जातो. म्हणूनच आज एका पुरस्काराची माहिती देतेय, आणि तो देणारी संस्था आहे चक्क इंजिनिअर-शास्त्रज्ञ घडवणारी!

एमआयटी म्हटलं की आपल्याला पुणे आठवतं. ही एमआयटी मात्र अमेरिकेतल्या केंब्रिज शहरातली. तिथे १९७४ मध्ये 'युजीन मॅकडरमॉट कला पुरस्कार' सुरू झाला. मॅकडरमॉट हे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. हो, तीच कॅल्क्युलेटरवाली कंपनी!

पुरस्काराची रक्कम १ लाख डॉलर. पण खरी गंमत पुढे आहे. आपल्याकडे सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ, फोटो आणि चहापान. तिथे मात्र कलाकार विद्यापीठात काही दिवस राहतो, जाहीर व्याख्यान देतो आणि विद्यार्थी-प्राध्यापकांसोबत बसून चर्चा करतो. याला 'निवासी कलाकार' म्हणतात. व्हेनेझुएलाचे संगीत-संचालक गुस्तावो दुदामेल यांना २०१० मध्ये हा मान मिळाला.

२०१४ चे मानकरी ओलाफुर एलियासन. त्यांनी २००३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात भलामोठा 'सूर्य' उभा केला. दिव्यांचं फक्त अर्धवर्तुळ होतं, छताला आरसे लावले होते. उरलेला अर्धा सूर्य प्रतिबिंबाने पूर्ण केला! पुढे वीज नसलेल्या घरांचा विचार करून त्यांनी एका इंजिनिअरच्या मदतीने 'लिटल सन' हा छोटा सौरदिवा तयार केला. आता सांगा, हा तास कलेचा की विज्ञानाचा?

आपल्या देशातही यूजीसीने महाविद्यालयांसाठी स्थानिक कलाकार-कारागिरांना निवासी म्हणून बोलावण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. मग प्राथमिक शाळेने का थांबायचं?

गावातले कुंभारदादा, ढोलकीवाले काका, गोधडी शिवणाऱ्या आजी यांना सलग चार शनिवार वर्गात बोलवा. भाषण नको, काम करू द्या. मुलांना चिखलात हात घालू द्या, प्रश्न विचारू द्या. गोधडीत भूमिती सापडेल, ढोलकीत कंपनं सापडतील. आणि हो, मानधन जरूर द्या, थोडं का असेना. कला फुकटात मिळते असं मुलांना वाटायला नको.

पालकांनो, तुमच्याच घरात असं कुणी असेल तर वर्गशिक्षकांना नक्की कळवा.