एकपात्री प्रयोग आणि संहितेचे स्वामित्व : मिकेला कोल

एकपात्री प्रयोगात लेखक आणि नट बहुधा एकच व्यक्ती असते. खर्च थोडा आणि साहित्य मोजके, म्हणून नवोदितांना हा प्रकार जवळचा वाटतो. पण त्यात आणखी एक बळ असते, ते म्हणजे आपल्या शब्दांवरील आपली मालकी. ब्रिटिश विनोदी लेखिका-अभिनेत्री मिकेला कोल यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

कोल यांचा जन्म १९८७ साली लंडनमध्ये, मूळच्या घानाच्या कुटुंबात झाला. आईनेच त्यांना व त्यांच्या बहिणीला वाढवले. प्रारंभी त्या काव्यवाचन करीत. पुढे गिल्डहॉल स्कूल ऑफ म्युझिक अँड ड्रामा या संस्थेत शिकत असताना त्यांनी ‘च्युइंग गम ड्रीम्स’ ही एकपात्री संहिता लिहिली व २०१२ मध्ये तिचे प्रयोग केले. ट्रेसी ही शाळकरी मुलगी आणि तिच्या भोवतीची माणसे त्या एकट्याच उभ्या करीत.

या प्रयोगावरून ‘च्युइंग गम’ ही दूरचित्रवाणी मालिका (२०१५–१७) आली. येथे ट्रेसी चोवीस वर्षांची आहे. घर कर्मठ धार्मिक आणि स्त्री-पुरुष संबंधांविषयीचे तिचे ज्ञान ऐकीव. विशेष असे की, पात्रे अनेक झाली तरी एकपात्रीची खूण पुसली गेली नाही. ट्रेसी मध्येच कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकाशी थेट बोलते. ती स्वतःला जाणती समजते आणि प्रेक्षकाला तिचे भाबडेपण दिसत असते; या अंतरातूनच हसू उमटते. तरीही लेखिका तिची टवाळी करीत नाही, हे महत्त्वाचे. या मालिकेसाठी कोल यांना २०१६ मध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाले.

याच मालिकेचा दुसरा भाग लिहीत असताना त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाला. २०१८ मध्ये एडिंबरा येथील मॅकटॅगर्ट व्याख्यानात त्यांनी ही घटना जाहीरपणे सांगितली. त्या अनुभवातून नवी मालिका आकार घेत असताना नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलर देऊ केले. मात्र स्वामित्वहक्काचा वाटा देण्यास नकार दिला. कोल यांनी अगदी अर्धा टक्का तरी मागून पाहिला आणि शेवटी प्रस्ताव नाकारला. ज्या संहितेत स्वतःची जखम आहे, ती संपूर्णपणे दुसऱ्याच्या नावे करण्याचा हा प्रश्न होता. त्याकडे केवळ व्यवहार म्हणून पाहता येणार नाही.

ती मालिका, ‘आय मे डिस्ट्रॉय यू’, २०२० मध्ये बीबीसीवर आली. लेखन व प्रमुख भूमिका कोल यांचीच, दिग्दर्शनातही त्या सहभागी होत्या. अत्याचारानंतरच्या दिवसांतही नायिका अरबेला आणि तिचे मित्र विनोद करतात, चुकतात, एकमेकांना दुखावतात. शेवटच्या भागात तर अरबेला आपल्या कथेचे निरनिराळे शेवट रचून पाहते. २०२१ मध्ये लघुमालिका-लेखनाचा एमी पुरस्कार मिळवणाऱ्या कोल या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. तो स्वीकारताना त्यांनी आपली कथा लैंगिक अत्याचारातून सावरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला अर्पण केली.