गोधडीची टीप बिघडली? आधी दोऱ्याचा ताण पाहा

दिवाळी सरली की सोनईच्या शिवारात ऊसतोडीची लगबग सुरू होते. मुळा कारखान्याच्या वाटेवर उसाच्या गाड्या लागतात. रात्रीचा गारठा वाढतो आणि घरोघरच्या गोधड्या बाहेर निघतात. पूर्वी चार बायका ओसरीवर बसून धावदोऱ्याने गोधडी शिवत. आता पुष्कळ घरी शिलाई मशीन आहे, म्हणून तेच काम मशीनवर उरकावेसे वाटते. पण वरून टीप सुरेख दिसते आणि गोधडी उलटी केली, तर खाली दोऱ्याचे जाळे!

मग आपण हाताला लागेल तो स्क्रू पिळतो, टीप उसवतो, पुन्हा शिवतो. भगिनींनो, इथेच नुकसान होते. गोधडीत आईचे, आजीचे लुगडे असते. धुऊन धुऊन विरलेले ते कापड एकदा टाका सोसते. उसवून पुन्हा शिवले, तर भोकांच्या रांगेवरच फाटते. तसे लुगडे बाजारात मिळत नाही. म्हणून गोधडी मशीनखाली घेण्याआधीच ताण जुळवावा.

मशीनच्या टाक्यात दोन दोरे असतात. वरचा दोरा रिळावरून निघून ताणाच्या दोन चकत्यांमधून सुईत येतो. खालचा बॉबिनमधून येतो. सुई खाली जाऊन वर उचलू लागली की दोऱ्याचा फास होतो. शटलचे टोक तो फास धरून बॉबिनभोवती फिरवते आणि दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. दोघांची ओढ सारखी असेल, तर ही अडकण कापडाच्या थरांत लपते. एकाची ओढ जास्त झाली, तर ती त्याच्या बाजूला खेचली जाते.

म्हणूनच खाली जाळे दिसले, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. तो सैल आहे. उलट, वर खालच्या दोऱ्याचे ठिपके दिसले, तर वरचा दोरा फार ताणलेला आहे किंवा खालचा सैल आहे. ओळखायला सोपे जावे म्हणून वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून चिंधीवर टीप मारून पाहावी. चिंधी मात्र गोधडीइतक्याच थरांची हवी. एकेरी कापडावर जुळलेला ताण पाच थरांवर टिकत नाही.

स्क्रूला हात लावण्यापूर्वी या क्रमाने पाहा. वरचा दोरा काढून पुन्हा ओवा. ओवताना कापड दाबणारा पाय वर उचललेला असावा, म्हणजे चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. नेहमीच्या घरगुती मशीनला जाड थरांसाठी १६ किंवा १८ नंबरची नवी सुई लावा. चकत्यांतला आणि शटलमधला कापसाचा भुगा ब्रशने काढा. बॉबिन घट्ट आणि एकसारखी भरा. टाका थोडा लांब ठेवा.

एवढे करूनही जमले नाही, तर वरच्या ताणाची चकरी थोडी थोडी फिरवा आणि दर वेळी चिंधीवर पाहा. बॉबिन केसचा स्क्रू अगदी शेवटी. केस बाहेर निघत असेल, तर ती दोऱ्याला लोंबती धरा. आपोआप घसरली तर दोरा सैल. हलका झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. झटक्याने थोडी उतरून थांबली तर ठीक. फिरवायचाच झाला, तर स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी फिरवा.

अमेरिकेत रजया शिवायला लांब हाताची मशीन वापरतात. तिथे कापड चौकटीवर असते आणि मशीनच रुळांवर फिरते. कापड चौकटीवर फार ताणले, तर त्यांचाही टाका बिघडतो. आपल्याकडे गोधडी टेबलाखाली लोंबते, तिच्या वजनाने सुई वाकते आणि टीप चुकते. म्हणून बाजूला बाक किंवा खाट लावून गोधडीचा भार त्यावर घ्या. थर आधी हाताने लांब टाके घालून जोडा. शिवताना कापड ओढू नका. मशीनचे दाते ते पुढे नेतात.

चिंधीवर घालवलेली दहा मिनिटे वाया जात नाहीत. आजीचे लुगडे नातवाच्या अंगावर आणखी काही हिवाळे टिकते.