गुरुवारच्या सुट्टीत कोर्लई किल्ला. पण रात्रपाळी करून लगेच निघू नका

चाकण : चाकण-भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. रात्रपाळी सुटली की पोरं थेट गाडीला किक मारून समुद्राकडे निघतात. रायगड जिल्ह्यातला कोर्लई किल्ला एका दिवसात पाहून होतो, पण आधी झोप झालेली पाहिजे. ज्या आठवड्यात पहिली पाळी असेल तोच गुरुवार निवडा. बुधवारी लवकर झोपा, पहाटे पाचला निघा.

रस्ता कसा?
अंतर साधारण दीडशे किलोमीटर. चाकणहून तळेगावला येऊन जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला लागायचं. पुढे लोणावळा, खोपोली, पेण, वडखळ, अलिबाग, चौल, रेवदंडा. तिथला खाडीपूल ओलांडला की कोर्लई. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाकडचा जुना रस्ता धरा. उशीर केला तर चाकण-तळेगाव रस्त्यावरच कंटेनरच्या रांगेत अडकाल.

किल्ला तिथेच का?
कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे डोंगराची सोंड पाण्यात शिरली आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. वर तोफा असल्या की चौल बंदरात शिरणारं गलबत माऱ्यात आलंच. चौल हे सातवाहन काळापासूनचं बंदर. इथला माल घाट चढून देशावर यायचा. आपलं जुन्नर ज्या निजामशाहीची पहिली राजधानी, तिनेच हा डोंगर बांधायला घेतला. १५९४ मध्ये तो पोर्तुगीजांनी जिंकला. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला.

काय पाहाल?
दीपगृहाजवळून पायऱ्या चढून वर जाता येतं. लांबट तटबंदी, एकामागून एक दरवाजे, छप्पर गेलेलं चर्च, पाण्याचं टाकं, तोफा आणि पोर्तुगीज शिलालेख आहेत. खालच्या गावातली काही ख्रिस्ती कुटुंबं घरात अजून पोर्तुगीज-मराठी मिसळीची बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशे वर्षं उलटली, बोली मात्र राहिली.

हे लक्षात ठेवा
पिण्याचं पाणी सोबत न्या. पावसाळ्यात दगड निसरडे होतात, तटावर चढून फोटो काढू नका. अनोळखी समुद्रात पोहायला उतरू नका. ओहोटीचं पाणी आत ओढतं. भिंतीवर नाव कोरू नका. दुपारी दोनच्या आत परत फिरा, म्हणजे घाट उजेडात चढून होईल आणि शुक्रवारी पाळीवर वेळेत हजर राहाल.