बोथची जमीन, छोटं घर आणि मोठे गैरसमज

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथकडे, पोच्चेरा, कुंटाला धबधब्यांच्या आसपास दोन-चार एकर घ्यायचे, आठ-दहा कुटुंबांनी मिळून छोटी छोटी घरं उभारायची, हा बेत हल्ली बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो. नांदेड-यवतमाळकडच्या लोकांना तर तेलंगणाची बाजू जास्त सोपी वाटते, कारण इथे शेतजमीन घ्यायला महाराष्ट्रासारखी शेतकरी असण्याची अट नाही. तेवढं खरं आहे. पुढचं बरंचसं ऐकीव.

‘आदिवासीची जमीन घेत नाही, बिगरआदिवासीकडून घेतोय, मग काय अडचण?’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे इथल्या बोलीत ‘एजन्सी’त, 1959 चा जमीन हस्तांतर विनियम चालतो. तो तेलंगणात 1963 पासून लागू झाला आणि 1970 मध्ये आणखी कडक झाला. तेव्हापासून विकणारा कोणीही असो, घेणारा अनुसूचित जमातीचा नसेल तर व्यवहार मुळातच रद्दबातल. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बंधन वैध ठरवलं. आदिवासी गिऱ्हाईक मिळत नसेल तर मालकाने जमीन सरकारला द्यावी, हीच वाट कायद्याने ठेवली आहे. वारसाहक्क आणि वाटणी यांना मात्र सूट आहे.

हे जाचक वाटत असेल तर 1940 आठवा. जमिनीसाठी लढताना जोडेघाटला गोंड नेता कोमरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांची स्थिती अभ्यासायला पाठवलं. हा कायदा त्याच जखमेतून आला आहे.

‘विकत नको, लीजवर घेऊ.’ लीज, गहाण, बक्षीस, अदलाबदल हे सगळं विनियमात हस्तांतरच आहे. ‘सोसायटी काढू.’ चालेल, पण सगळे सभासद अनुसूचित जमातीचेच हवेत. ‘सरकारी पडीक मागू.’ सर्वोच्च न्यायालयाच्या 1997 च्या ‘समता’ निकालाने तेही दार बंद केलं. गरिबांना वाटलेली असाइन्ड जमीन तर एजन्सीबाहेरही विकता येत नाही.

उलट टोकाचा समजही चुकीचाच: ‘बोथ म्हणजे सगळी एजन्सी.’ तसं नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात जुन्या बोथ तालुक्यातली गावं नावानिशी दिली आहेत. नेरडीगोंडा, कुंटाला त्यात आहेत. यादीबाहेरच्या गावात हा विनियम आड येत नाही.

तिथेही ‘घर एवढंसं, परवानगी कशाला?’ म्हणू नका. शेतजमिनीवर राहायचं तर 2006 च्या कायद्याप्रमाणे बिगरशेती, म्हणजे ‘नाला’, करावीच लागते. घराचा आकार बघून त्यातून सुटका मिळत नाही.

म्हणून बयाणा देण्याआधी गावाचं नाव यादीत आहे का ते बघा, तहसीलमध्ये सर्व्हे नंबर तपासा आणि पट्टादार पासबुक मागा. साध्या कागदावरचा ‘सादा बैनामा’ दाखवणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा.