चामड्यावरचं कोरीव काम : भाग ४
सुरी जागेवर, चामडं फिरतं

मागच्या आठवड्यात आपण सरळ रेघा कोरल्या. पट्टी धरली की सरळ रेघ निम्मी साधतेच. वर्तुळाला तसा आधार नाही आणि त्यातलं वाकडेपण कुणाच्याही नजरेला लगेच खुपतं. म्हणूनच नवख्याने हा आकार लवकर हाती घ्यावा, असं माझं ठाम मत आहे.

चामडं हिरड्यात किंवा बाभळीच्या सालीत कमावलेलं हवं, कोल्हापुरी चपलेला लागतं तसं. पर्स-जॅकेटचं क्रोमने कमावलेलं मऊ चामडं कापता येतं, पण त्यावर दाबलेला ठसा टिकत नाही. जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास असावी. पाठीकडचा तुकडा मागून घ्या. पोटाकडचा भाग ताणला जातो आणि वर्तुळाचं अंडं होतं.

वरची गुळगुळीत बाजू ओल्या स्पंजने सारखी भिजवा आणि थांबा. रंग मूळपदावर यायला लागला, पण गालाला लावल्यावर गारवा जाणवतोय, ही कोरायची वेळ. फार ओलं असेल तर काप मिटून जातो; कोरडं असेल तर सुरी अडखळते.

वर्तुळ कर्कटकाने आखा. त्याचं टोक मधोमध भोक पाडतं आणि ते पुढे काही केल्या लपत नाही. तिथे जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून टोक त्यात रोवा आणि तो बोटाने दाबून धरा.

आता स्विव्हल नाइफ, म्हणजे फिरत्या पात्याची कोरायची सुरी. तर्जनी वरच्या खोबणीत, अंगठा आणि मधलं बोट दांड्यावर. पातं डावी-उजवीकडे कलू द्यायचं नाही. सुरी आपल्याकडे ओढायची आणि त्याच वेळी डाव्या हाताने चामडं फिरवत राहायचं. पोळी लाटताना आपण पोळपाटाभोवती फिरत नाही, पोळी फिरते; तसंच हे. मनगटाने सगळं वर्तुळ ओढायला गेलात की पातं वळणावर मागे पडतं आणि गोलाला कोपरे येतात. दमलात तर थांबा, पण पातं कापातून उचलू नका. खोली जाडीच्या एक तृतीयांश पुरे. सुरुवातीच्या बिंदूला केसभर अंतर राहिलं की थांबावं. ओलांडून गेलेला काप बुजत नाही. राहिलेली फट मात्र पुढच्या ठोकणीत मिटते.

चकती आरपार कापायची असेल तर गोष्ट वेगळी. लहान गोल सरळ पंचने पाडा. कोस्टरएवढ्या गोलासाठी आधी चौकोन कापा, त्याचे कोपरे उडवा, मग राहिलेले कोपरे उडवा. रेघेपाशी आलात की धारदार रापीने थोडं थोडं तासा. एका दमात जोर लावला तर पात्यापुढचं चामडं ताणलं जातं आणि कड रेघ सोडते. कड ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, किंचित पाणी लावून गुळगुळीत लाकडाने चोळा.

आणि धार! दर चार-पाच कापांनंतर पातं हिरवी पेस्ट लावलेल्या चामड्याच्या पट्टीवर मागे ओढत परजा. नवख्यांची बहुतेक वर्तुळं हात कच्चा म्हणून नाही, पातं बोथट म्हणून बिघडतात.

पुढच्या आठवड्यात याच कापाची बाहेरची बाजू बेव्हलर नावाच्या ठशाने ठोकून गोल उठावात आणू. तोवर एकाच तुकड्यावर एकात एक वर्तुळं कोरा, मोठ्यापासून सुरू करून.